धनुष्कोडीची वाळू

मुलांनो, तुमच्या बाबाने प्रयागची तिकिटं काढली आहेत आणि कपाटातला पितळी डबा सोबत घ्यायला सांगितला आहे. मी जाणार नाही. का, ते तुम्हाला सांगते.

तुमचे आजोबा गेले त्याच वर्षी सासूबाई मला आदिलाबादहून रामेश्वरला घेऊन गेल्या. परतण्याआधी आम्ही दोघी किनाऱ्याने धनुष्कोडीच्या टोकापर्यंत चालत गेलो. समुद्र मी त्या यात्रेत पहिल्यांदाच पाहत होते, पण मला काहीच वाटलं नाही. पायाखाली वाळू पोळत होती, तीही दुसऱ्या कुणाच्या पायांना पोळत असावी तशी.

"एवढं पानी, अन् आपल्या कापसाले एक थेंब कामाचा नाही," सासूबाई म्हणाल्या. मी हसले नाही. चालता चालता पाण्यात शिरले. गुडघे भिजले तरी थांबले नाही.

"कुठं चालली वं? ये इकडे!"

मी परत आले. त्यांनी ओंजळभर वाळू माझ्या पदरात घातली आणि घट्ट गाठ मारली. तिथली, रामसेतूची वाळू प्रयागला गंगेत सोडली की यात्रा पुरी होते, अशी आपली रीत.

"माह्यानं आता तिथं जानं होत नाही. तू ने."

"कधी?"

"पोरगं मोठं झाल्यावर. तवर तुले मरता येत नाही, समजलं?"

तेव्हा मला फक्त पदर जड लागला. आज आठवतं, त्यांचाही मुलगाच गेला होता, आणि त्यांच्या पदराला कुणी गाठ मारली नव्हती.

तुमचा बाबा मोठा झाला, तुम्हीही झालात. वाळू अजून डब्यात आहे, आणि मी आहे.