नानांची चिठ्ठी

सर्व्हेचे किस्से शोधावे लागत नाहीत. जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून आणि पीएचडीवाल्यांचे नमुने तपासून मी थकलो, किस्से काही थकत नाहीत.

*

माझी विद्यार्थिनी वैशाली. विषय : खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा एकटेपणा. पहिल्या खेपेला तिने सगळे फॉर्म पारोळ्याला मामेभावाच्या लग्नात भरून आणले.

"सर, सगळे एकाच जागी सापडले."

निष्कर्ष आला, एकटं कोणीच नाही. मांडवात कोण एकटं असणार, बाई? प्रबंध परत आला. पुन्हा परत आला तर नोंदणीच रद्द.

*

मग सोनगीरकडचं एक गाव धरलं. आधी सगळ्या म्हाताऱ्यांची यादी, नंतर चिठ्ठ्या, ज्याची निघेल त्यालाच प्रश्न. यादी करताना ओट्यावरचे एक नाना म्हणाले, "जे ईचारनं ते आत्तेच ईचारी ल्या."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आज फक्त नावं, नाना. चिठ्ठी निघाली तर येऊ."

"अन् नही निंघनी ते?"

याचं उत्तर पुस्तकात आहे, पण नानांना सांगण्यासारखं नाही.

*

पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या काढायचा मान सरपंचांना दिला. त्यांनी पहिलीच उघडली, वाचली आणि घडी करून परत डब्यात टाकली.

"हाऊ मानूस नको. गावनी बदनामी करी."

समजावता समजावता चहा दोनदा झाला. शेवटी वैशालीने स्वतःच चिठ्ठ्या काढल्या. नानांचीही निघाली. पोरगी एवढी खूश झाली की मलाही बरं वाटलं.

*

महिनाभराने मुलाखतींना गेलो तर पहिल्याच घराला कुलूप. शेजारचे आबा लगेच खाट ओढून बसले. "त्याना जागे मी बठस. त्यानं बारीकसारीक बठ्ठं मले माहीत शे."

बदली चालत नाही म्हटल्यावर आबा रुसले. पाणीसुद्धा विचारलं नाही.

*

तिथून नानांकडे. ओटा रिकामा होता. आतून त्यांच्या बायको, अक्का, आल्या, कपाळ मोकळं. नाना जाऊन पंधरवडा झाला होता.

वैशालीने हातातला फॉर्म पिशवीत परत ठेवला. अक्कांनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी आणलं आणि आम्ही कशाला आलो ते नीट ऐकून घेतलं.

"नाव लिखाले उनात, तव्हय ते आठेच, ह्या ओटावर, बठेल व्हतात," त्या म्हणाल्या. "मंग रोज तुमनी वाट देखेत."