शिंक आली की चित्राला पाठ

मोरूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला रंगचक्र शिकवत होते. त्यांची बायको, सुनंदावहिनी, एवढंच म्हणाल्या, "बाई, दादा गेले. सकाली, चा पिऊन." मी फोन ठेवला, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं रंगचक्र पूर्ण केलं, तास संपवला आणि मग शिक्षकखोलीत जाऊन रडले. त्याला आता काही आठवडे झाले. दरम्यान बरंच रडून झालंय, पण खरं सांगते, मोरूदादांबद्दल लिहायला बसले की रडू येण्याआधी हुरूप येतो. वाचणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, वाटू दे. या माणसाबरोबर काढलेला एकही दिवस मला मिळमिळीत आठवत नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. वसईजवळ नायगाव पूर्वेला फ्लॅट घेतला, जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, आणि पहिल्याच दिवाळीत कुणीतरी म्हणालं म्हणून रिक्षाने जूचंद्रला रांगोळी प्रदर्शन बघायला गेले. गावातल्या शाळेच्या एका वर्गात, जमिनीवर, एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या, नखातला मळ दिसत होता. मी चित्रकलेची पदविका घेतलेली बाई, त्यामुळे मोठ्या तोऱ्यात शेजारच्या माणसाला म्हणाले की हा फोटो छापून चिकटवलाय, रांगोळी नव्हेच. त्या माणसाने माझ्या हातात एक भिंग दिलं. मुठीएवढी गोल काच, मध्ये खोलगट, कडेला पितळी पट्टी आणि लाकडी दांडा. त्यातून बघितलं तर भलंमोठं चित्र तळहाताएवढं झालं आणि म्हातारा अक्षरशः श्वास घ्यायला लागला. मग तो माणूस म्हणाला, आता भिंग ठेवा आणि खाली वाका. वाकले, तर नाकासमोर नुसते रंगीत कण. ते मोरूदादा, आणि चित्र त्यांचंच. मी त्या दिवाळीत पाच वेळा गेले. पाचव्या वेळी ते म्हणाले, "बाई, आता बगून झालं. उद्यापासून भरायला या."

पोटापाण्यासाठी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण दिवाळी जवळ आली की पाट्यावाल्यांना वाऱ्यावर सोडायचे. त्यांचे नियम तीनच होते. पंखा बंद. घाम गळायच्या आत पुसायचा. आणि शिंक आली की चित्राला पाठ. रांगोळीची पूड नाकात जाते, सगळेच शिंकतात, त्या खोलीत शिंकेला कुणी आजार समजत नाही. फक्त तोंड फिरवायचं, तेही चटकन. पहिल्या वर्षी मी उशीर केला आणि माझ्या एका शिंकेने एका नवरीची अख्खी भुवई उडवली. दादा दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मात्र माझं अंग आपोआप वळायला लागलं, घरी भाजी चिरतानासुद्धा.

मग त्यांना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग बोलताना, मग नुसतं बसल्या जागी. फुफ्फुसं निबर होत चालली आहेत असं निदान झालं. रांगोळीमुळेच का, हे कुणी ठामपणे सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही. ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी घेऊन दीड वर्ष काढलं. वाक्य सुरू करायचे आणि मध्येच हाताने खूण करायचे, की पुढचं तुम्ही समजून घ्या... आणि एके दिवशी दुसऱ्या कुणाची तरी फुफ्फुसं मिळाली. ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी मला त्यांचा पहिला फोन आला. कसे आहात वगैरे विचारू दिलंच नाही. "ऐका," म्हणाले, आणि एका दमात एक ते चाळीस अंक म्हणून दाखवले. मी शिक्षकखोलीत उभी राहून ऐकत होते. पंचवीसच्या पुढे माझाच श्वास अडकला. चाळीसला मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापिका बाहेर आल्या.

पण नव्या फुफ्फुसांबरोबर नवे नियम आले, आणि ते त्यांच्या नियमांहून कडक होते. शरीराने परकी फुफ्फुसं नाकारू नयेत म्हणून रोज औषधं, आणि त्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली. धूळ नको, गर्दी नको, रांगोळी तर नकोच नको. रोज सकाळी श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका छोट्या यंत्रात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. बाहेर मास्क. एव्हाना गावात कोरोना ही जुनी गोष्ट झाली होती. लोक थट्टा करायचे, अरे मोरू, कवाच गेला तो, अजून पट्टी कसली? दादा हसून म्हणायचे, "तुमाला लस म्हंजे चिलखत. मना नुसती बनियान."

रांगोळी सोडतील ते दादा कसले? शाळेतल्या दोन वर्गांच्या मधल्या भिंतीला काचेची बंद खिडकी आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी पलीकडच्या रिकाम्या वर्गात खुर्ची टाकली, फोन कानाला लावला आणि अलीकडे मला बसवलं. डोळा त्यांचा, हात माझा. चित्र होतं त्यांच्या आईचं, चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवताना. तीन दिवस, सकाळी आठ ते सूर्यास्त. त्यांच्या अटी दोनच, अंगात जराही कणकण असेल तर यायचं नाही, आणि बरं असलं तरी मास्क. मी तीन दिवस मास्क लावून भरत होते. कानात त्यांचा आवाज, बाई, गालावर तांबडं कमी, तिला ताप नाय आला, जाळाची धग हाय ती. धूर कसा काढायचा यावर आम्ही अख्खी दुपार भांडलो. मी पांढरा भरत होते, ते म्हणत होते की धूर भरायचा नसतो, सोडायचा असतो. शेवटी हात कंबरेएवढा वर धरून दोन बोटांत पूड चोळत सोडली... आणि धूर झाला. खराच झाला. काचेपलीकडे दादा खुर्चीतून उठून उभे राहिलेले मला दिसले. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फुंकणीच्या टोकाशी एक ठिणगी राहिली होती. मास्कच्या कडेने घाम ओघळत होता, थेंब पडला असता तर आईचा पदर गेला असता, म्हणून मी मास्क हनुवटीवर ओढला. सकाळपासून शिंका येत होत्या, त्या मी पुडीच्या नावावर टाकल्या होत्या. तेवढ्यात फोन बंद झाला. दादांना राहवलं नव्हतं. मास्क लावून ते आत आले होते आणि माझ्या मागे उभं राहून भिंगातून बघत होते. पण श्वास आता असा दणकट, की मास्कच्या वरून निघून भिंगावर वाफ धरत होता. म्हणून त्यांनी मास्क खाली केला. हे सगळं मला नंतर कळलं. मला फक्त शिंक आली आणि मी अकरा वर्षांच्या सवयीने चटकन चित्राला पाठ केली. समोर, हातभर अंतरावर, दादांचा उघडा चेहरा होता.

दोघंही हसलो. ते चेहरा पुसत म्हणाले, "शाब्बास. चित्र वाचलं."

दोन दिवसांनी मला ताप आला. कोरोनाची चाचणी केली, दोन रेघा आल्या. लगेच त्यांना फोन केला. त्यांच्या घशात त्या सकाळीच खवखवायला लागलं होतं. माझ्या फोनमुळे उपचार वेळेत सुरू झाले असं डॉक्टर म्हणाले, आणि बारा दिवसांनी ते घरी आलेही. पण सकाळचा आकडा पूर्वीइतका पुन्हा कधीच झाला नाही. माझ्याकडूनच झालं का? प्रदर्शनात, दवाखान्यात, कुठेही झालं असेल असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि ते मी इथे लिहून ठेवते.

मी दीड महिना त्यांच्या घराकडे फिरकले नाही. शेवटी त्यांनीच बोलावून घेतलं. अंगणात दोन खुर्च्या, मध्ये सहा हातांचं अंतर. मी माफी मागायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"तुमी पाठ कुनाला केली? चित्राला. मंग बरोबरच केलंत."

"पण तोंड तुमच्याकडे केलं, दादा."

"तीन दिवस काचेतून तुमची पाठच बगत व्हतो. कंटाला आल्ता." मग खुर्चीत पुढे झुकून म्हणाले, "आई बगितली मी, बाई. जवलून. ते कुनी परत घेनार हाय का?"

त्यानंतर नऊ महिने ते होते. आकडा उतरत गेला, नळकांडं पुन्हा आलं, पुन्हा नवी फुफ्फुसं देण्याजोगी तब्येत राहिली नाही. शेवटी चाळीसपैकी सहापर्यंत यायचे. वहीत आकड्यांच्या शेजारी मात्र या वर्षीच्या चित्राची आखणी चालू होती. खाडीतली होडी, आणि पाण्यात तिचं उलटं प्रतिबिंब. पानी भरायचं नाय, असं खाली लिहून ठेवलंय. म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

पुढच्या आठवड्यात दिवाळी. मी तीच खोली घेतली आहे. सुनंदावहिनींनी दिलेलं भिंग खिडकीच्या कडीला टांगलंय. या वर्षी खोलीतल्या प्रत्येकाला मास्क आहे, कुरकुर करणाऱ्यांशी मी भांडते, घाम पुसायला दर तासाला सगळे बाहेर जातो. काल होडीचा काठ भरताना शिंक आली. सवयीने चित्राला पाठ केली. मागे कुणी नव्हतं, तरी हात आधी तोंडाकडे गेला आणि नाकावर घट्ट असलेला मास्क मी आणखी घट्ट दाबून धरला.