ढिली होती म्हणून कापली

गेल्या मंगळवारी काल्हेरला आमच्या गोदामात एक सळई कापली. एकच. पण माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय...

आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण मोठा इंजिनियर. दहावीनंतर कॉलेजात नाव घातलं, पण गेलो कमीच. पडघ्याला ढाब्यावर होतो, मग टेम्पोवर क्लीनर, मग पाच-सहा महिने गोदामांचे लोखंडी सांगाडे उभे करणाऱ्या गँगमध्ये. त्या ढाब्यावरची शेवभाजी... जाऊ दे, भरकटतोय. सध्या गोदामात पॅकिंगला आहे.

त्या गँगचे मिस्त्री शरफू चाचा. पहिले दोन खांब उभे राहिले की त्यांच्यामध्ये दोन तिरक्या सळ्या, फुलीसारख्या, आवळून घ्यायचे. त्याशिवाय तिसऱ्या खांबाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. उन्हात उभं राहून आम्ही वैतागायचो. चाचा म्हणायचे, "वजन तो खंभा उठा लेगा बेटा, हवा को कौन रोकेगा?"

ते तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. मंगळवारी डोक्यात शिरलं.

आमच्या गोदामाच्या लांब भिंतीला अशीच एक फुली होती. पॅकिंगच्या बायका त्यावर डब्याच्या पिशव्या अडकवायच्या. मॅनेजरना तिथेच नवं शटर हवं होतं, गाड्या लवकर लागाव्यात म्हणून. सकाळी कटरवाला आला आणि फुलीतली एक सळई कापून मोकळा झाला. दुसरी जेवणानंतर कापणार होता.

मी धावत गेलो. म्हटलं, साहेब, ही काढू नका. मॅनेजर म्हणाले, "अरे, ढिली होती ती. हाताने हलत होती. तिच्यावर कसलं वजन येतं?"

वजनाचं विचारतच नव्हतो मी! पत्रे, छप्पर, सगळं खांबांवर आहे, मान्य. पण वारा वरून येतो का? वारा आडवा येतो. तो पूर्ण गोदाम एका अंगाला ढकलतो, तेव्हा फुलीतली एक सळई ताणून धरते आणि दुसरी सैल पडते. वारा फिरला की उलट. म्हणून दोन लागतात. पण मला तेव्हा हे असं नीट सांगता आलं नाही. मी नुसता हातवारे करत होतो आणि लोडिंगवाले हसत होते... "आला दहावी पास इंजिनियर!"

आणखी राग कशाचा, तर त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकालाही अशीच फुली होती म्हणे. ती आधीच काढली होती, संडास बांधायला.

चाचांना फोन लावला. त्यांनी आधी मला शिव्या घातल्या, मग युक्ती सांगितली. शिडी लावून खांबाच्या वरच्या टोकाला पॅकिंगची दोरी बांधली, खाली एक जड नटबोल्ट लटकवला. तो झुलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवला. बादलीच्या तोंडावर चिकटपट्टी ताणली आणि दोरीशेजारी पेनाने खूण केली. खांबाचं टोक हललं, तर दोरी खुणेवरून सरकणार.

दुपारी खाडीकडून वारा सुटला, मे महिन्यात सुटतो तसा. पत्रे कुरकुरले. आणि दोरी खुणेवरून सरकली... अर्धं बोट. वारा पडला की परत जागेवर. पुन्हा झोत आला, पुन्हा अर्धं बोट. उरलेल्या सळईला हात लावला, तर झोतासरशी ती कपड्यांच्या दोरीसारखी सैल पडत होती. म्हणजे त्या वाऱ्याला रोखायचं काम कापलेल्या सळईचं होतं!

रंजनाताई माझ्या मागेच उभ्या होत्या. खारबावच्या, पॅकिंगच्या तीस बायकांच्या म्होरक्या. त्यांनी दोरी पाहिली, खूण पाहिली, मला काही विचारलंसुद्धा नाही. सरळ मॅनेजरसमोर गेल्या.

"साहेब, तुमचा पट्टा ढिला झाला तं आवळता का कापता?"

बायका खो-खो हसल्या. मॅनेजर म्हणाले, ताई, माल निघायचाय, टाइमपास नको.

"माल हाय ना, मग माल आत राहू द्या. आमी न्हाय राहत." आणि तीसच्या तीस बायका पिशव्या उचलून बाहेर आंब्याखाली जाऊन बसल्या. मी चाळीस मिनिटं बोंबलत होतो, त्याने काही झालं नाही. लाइन बंद पडली आणि दहा मिनिटांत मालकाचा फोन आला.

कटरवाला तेव्हाही म्हणतो, तुकडे जोडून वेल्डिंगचा टाका मारतो, दिसणार पण नाही. दिसायचा प्रश्न आहे का, भाऊ? चाचांना पुन्हा फोन लावला, तर ते ओरडले, "जोड़ ही तो टूटता है! नया रॉड डालो, और ढीला था तो कसना था, काटा क्यों?"

संध्याकाळी मालकाने पाठवलेल्या इंजिनियर बाई आल्या. त्यांनी दोन्ही सळ्या नव्या टाकायला लावल्या, संडासाकडची फुलीही परत बसवायला सांगितली. शटर हवंच असेल तर दुसरीकडे, आणि आधी विचारून. जाताना म्हणाल्या, "हे कापायला कोणी सांगितलं?" कटरवाला आपली वायर गुंडाळायला लागला.

काम पुरं व्हायला दोन दिवस लागले. तोवर एकही बाई आत गेली नाही.

आता नव्या सळ्यांवर पिशव्या टांगायला बंदी आहे. ती मॅनेजरची नाही, रंजनाताईंची. रोज शिफ्टच्या आधी त्या दोन्ही सळ्यांना टिचकी मारतात, कान लावून ऐकतात, मगच आत जातात. आज सकाळी मला हाक मारली, "ए इंजिनियर, ही जरा कमी वाजते हाय. पाना आण."

कुणी इंजिनियर म्हटल्यावर राग आला नाही, असं पहिल्यांदाच झालं. पाना घेऊन गेलो.