जानरावांचा टीव्हीवरचा विरोध

कोणता रिअ‍ॅलिटी शो पाहायचा, हे अमरावतीच्या आमच्या ऑफिसात मला विचारून ठरतं. मी देवानंद, आवक-जावकचा कारकून. एखादी फाइल कुठे अडकली ते मला सांगता येणार नाही, पण या शनिवारी कोणत्या शोमधून कोण घरी जाणार ते मी बुधवारीच सांगतो. शेजारच्या टेबलावरच्या गजेंद्रने मागच्या आठवड्यात विचारलं, "भाऊ, नवा प्लॅन टाकला मोबाइलमंदी. पाहू तं काय पाहू?" त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. स्वयंपाकाचा पाहा. तिथे भाजी करपली तर ती करपलेलीच दिसते, जास्त सोंगं चालत नाहीत. नाचाचा पहिले चार आठवडे पाहा, पुढे नाच कमी आणि परीक्षकांचे नखरे जास्त. माणसांना घरात कोंडून भांडायला लावतात तो एकट्यानेच पाहावा, बायकोसोबत पाहिला की आपल्याही घरात तेच सुरू होतं. डोंगरावरून उड्या मारायचा आणि किडे खायचा मला झेपत नाही.

"अन् गाण्याचा? तुमची भाची होती ना त्याच्यात?"

मी म्हटलं, "गाण्याचा नको पाहू." काहून, ते त्याला सांगायची हिंमत झाली नाही. इथे सांगतो.

माझी धाकटी बहीण माया चांदूर रेल्वेला दिलेली आहे. तिचे यजमान जानराव, म्हणजे आमचे जावई, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉलमन. पहाटे चारला सायकलला लोखंडी चावी बांधून निघायचं, एकेका वॉर्डाच्या नळाच्या पाण्याचा व्हॉल खोलायचा, तासाभराने बंद करायचा. गावातल्या बाया घड्याळ पाहत नाहीत, जानराव गेले का ते पाहतात. बोलणं अगदी कमी. लग्नात मांडवात बसले तेव्हा आमच्या आईला वाटलं होतं, पोराला बोलता येतं की नाही. पण ढोलकी हातात दिली की माणूस वेगळाच. चौदा एप्रिलला विहारासमोर भीमगीतं सुरू झाली की चार-चार तास मांडी मोडत नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी चंदा त्या ढोलकीशेजारीच बसून गायला शिकली.

चंदा आठ वर्षांची झाली तशी ते तिला दर रविवारी अमरावतीला गाण्याच्या क्लासला आणू लागले. मोटारसायकलवर तीस किलोमीटर येणं, तीस जाणं. मे महिन्यात सुद्धा, आणि आमचा मे तुम्हाला माहीत आहे. क्लासच्या बाई पालकांना आत बसू देत नसत, म्हणून हे बाहेर पायरीवर, चपलांजवळ बसायचे. असं नऊ वर्षं. एकदा मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो तर हात वर करून म्हणाले, "थांबा भाऊ, अंतरा चुकून राहिली ते. जरा आयकू द्या." आतलं सगळं शिकवणं या माणसाने पायरीवर बसून पाठ केलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नसतं पाहिलं तर माझं पाप थोडं लहान असतं.

बारावी झाली आणि मुंबईच्या एका मोठ्या गाण्याच्या शोमध्ये चंदाची निवड झाली. मी तर वेडाच झालो. एवढी वर्षं बाहेरून पाहिलेली गोष्ट माझ्या घरात आली होती. घरचं शूटिंग करायला तिघं जण चांदूरला येणार म्हटल्यावर मी रजा टाकून आदल्या दिवशीच जाऊन बसलो.

त्यांच्यातली हातात कागद घेतलेली मुलगी हिंदीत विचारत होती. घरात कोणी आजारी? नाही. वडील दारू पितात? नाही. गाण्यापायी काही विकावं लागलं? नाही. माया चहा देत होती आणि नाही नाही म्हणत होती, आणि त्या मुलीचं तोंड उतरत चाललं होतं. इकडे माझा जीव खालीवर. बापाने लाडाने शिकवलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात घरी जाते, हे मी किती सीझन पाहिलंय. लोक गळ्याला मत देत नाहीत, गोष्टीला देतात. अशा वेळी तोंड बंद ठेवील तर तो देवानंद कसला?

मी म्हटलं, "मॅडम, है ना. बाप का विरोध था."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीचा पेन चालू झाला आणि माझं तोंडही. बाप म्हणायचा, पोरीच्या जातीनं गाणं नाही गायचं. हार्मोनियम लपवून ठेवायचा. मग मामा तिला मैत्रिणीकडे नेतो म्हणून सांगून दर रविवारी क्लासला न्यायचा. त्यात मामा कसा घुसला मला खरंच माहीत नाही, बोलता बोलता निघून गेलं. पण परत घेतलं नाही, हेही खरं.

"मामा, काय बोलून राहिले तुमी?" चंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. कॅमेरावाल्याने लगेच कॅमेरा उचलला.

जानरावांनी एवढंच विचारलं, "भाऊ, याच्यानं पोरगी पुढं जाईन का?"

मी म्हटलं, "लेखी देतो."

"मंग लिवू द्या त्यायले."

मग शूटिंग. चंदा अंगणात गाणार आणि बाप तिच्याकडे पाठ करून बसणार, रागावलेला. सोपं काम. पण ती गायला लागली की जानरावांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायची. तीनदा पुन्हा करावं लागलं. शेवटी त्या मुलीने त्यांना हाताची घडी घालून बसायला सांगितलं. मायाने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "दादा, हे बरं नाई करून राहिला तू." मी तिला म्हटलं, तुला टीव्हीतलं काय समजते.

जाताना त्यांनी कागदांवर सह्या घेतल्या. शोमधलं काही वर्षभर बाहेर बोलायचं नाही, अशी अट. चंदाने सही केली, जानरावांनी केली, मायाने केली. मी त्या घरचा नव्हतो म्हणून माझी कोणी मागितली नाही.

माझा अंदाज बरोबर निघाला, त्याचंच वाईट. जानरावांना मुंबईला बोलावलं. स्टेजवर दिवे लागलेले, परीक्षक डोळे पुसताहेत, आणि आमच्या जावयाने दोन्ही कान धरून पोरीला म्हटलं, "माफ कर दे बेटा." हिंदीत. घरोघरी पाहिलं लोकांनी. त्या आठवड्यात चंदाला सर्वांत जास्त मतं पडली. मी ऑफिसात पेढे वाटले. लोक म्हणाले, देवानंद, मामा असावा तर असा. मी मान खाली घालून हसलो.

चंदा शेवटच्या पाचांत जाऊन परत आली. चांगलं नाव झालं, कार्यक्रम मिळू लागले. आणि चांदूरमध्ये जानराव व्हॉल खोलायला गेले की बाया विचारू लागल्या, "काहो जानराव, इतकी गुणाची पोरगी, तिले गाऊ देत नव्हते तुमी?" ज्यांनी त्यांना नऊ वर्षं रविवारी सकाळी तिला गाडीवर बसवून जाताना पाहिलं, त्यांनीही विचारलं. टीव्हीवर दाखवलं म्हणजे काहीतरी असेलच, असं लोकांना वाटतं. मी तरी वेगळा कुठे आहे.

गावाने चंदाचा सत्कार ठरवला. मलाही बोलावणं होतं. कार्यक्रमाच्या दुपारी जानराव मला घ्यायला स्टेशनवर आले. लग्नाला वीस वर्षं झाली, पण या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

"भाऊ, मायी सही आहे, पोरीची सही आहे. तुमची तं नाई. आज माइक भेटला तं दोन शब्द सांगून द्या. मी आडवा नाई आलो तिले, एवढंच."

मी म्हटलं, "सांगतो ना. त्यात काय मोठं."

मनातून ठरवलंही होतं. खोटं नाही बोलत. पण स्टेजवर माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबेनात. प्रमुख पाहुणे म्हणाले, बापाने दार लावलं तेव्हा या मामाने खिडकी उघडली. माझ्या अंगावर शाल घातली, मानचिन्ह दिलं. पहिल्या रांगेत आमच्या ऑफिसचे साहेब, खास अमरावतीहून आलेले. गजेंद्र मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तिसऱ्या रांगेत जानराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, माझ्याकडे पाहत. माइक माझ्या हातात. मी म्हणालो, "मी काही फार केलं नाही. जे कोणत्याही मामाने केलं असतं तेच केलं." पुन्हा टाळ्या. जानरावांनीही वाजवल्या. चंदा माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या गाडीला जानरावच सोडायला आले. माया घरातून बाहेर आली नाही. प्लॅटफॉर्मवर चहावाल्याने मला ओळखलं, पैसे घेईना. जानरावांना म्हणाला, "शिका काही यायच्यापासून." जानराव म्हणाले, "हाव." मी तो चहा प्यालो.

मग मीच सुरू केलं. "जानराव, आज गडबड झाली, पण मी सांगतो. पेपरवाल्यायले सांगतो, पाहा तुमी."

त्यांनी थोडा विचार केला. रागावले असते तर बरं झालं असतं, मी पण रागावलो असतो. ते समजावल्यासारखे बोलले. "नका सांगू आता भाऊ. त्याईनं तुमाले शाल देल्ली. आता सांगतलं तं चंदा खोटी पडते, अन् तुमी बी खोटे पडता. मी तं पडलोच आहो. एकट्याचंच राहू द्या."

नाही म्हणायला पाहिजे होतं. तिथल्या तिथे त्या चहावाल्यापासून सुरुवात करायला पाहिजे होती. पण त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं आणि मला हायसं वाटलं. मोकळं वाटलं. उद्या ऑफिसात व्हिडिओ दाखवता येईल, असंही मनात येऊन गेलं. बाकी सगळ्याची लाज एका बाजूला, त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून आवरत नाही.