चतुराबाईचा तांब्या

परतूरच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायकांत साळूबाई सर्वांत जुनी. निजामशाही गेली त्याच साली तिने बायका एकत्र करून दुपारची सुट्टी मिळवली. पुढे मुकादमाच्या तोंडातल्या शिव्या बंद केल्या, आणि ते काम सुट्टीहून अवघड होतं. साळूबाई गावकुसाबाहेरची. तिला आणि तिच्या वस्तीतल्या बायकांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. बावन्न साली तिने हट्ट धरला, रांजण एक आणि पेलाही एकच, नाहीतर काम बंद. अकरा दिवस काम बंद राहिलं, मग मालक नमला.

दुसऱ्या दिवसापासून चतुराबाई घरून पितळी तांब्या आणू लागली. "हितलं पानी मला बाधतं," म्हणायची. चतुराबाई गावातली, पण कापूस निवडायला साळूबाईच्याच शेजारी बसायची. ते अकरा दिवस तिनेही अर्धपोटी काढले होते. पाण्याचं मात्र जमेना. सासूचा धाक होता म्हणावं, तर सासू वारल्यावरही तांब्या सुटला नाही.

पुढे तिचा हात यंत्रात सापडला आणि मालकाने तिला घरी बसवलं. साळूबाईने बायका फाटकावर बसवल्या, तिला परत घ्यायला लावलं. चतुराबाई कामावर आली ती तांब्या घेऊनच. साळूबाई त्यावर कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच चतुराबाईला जास्त लागायचं.

एकोणसाठ साली साळूबाईने काम सोडायचं ठरवलं. कामगार संघटनेने जिनिंगच्या आवारातच, रांजणाशेजारी सत्कार ठेवला. महेबूब फिटर चतुराबाईला म्हणाला, "दोन शब्द तुमीच बोला बाई. तुमच्याइतकं त्यांना कोन वळखतंय?"

चतुराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणत्या तोंडाने बोलायचं?

सत्काराला ती उभी राहिली. समोर खुर्चीत साळूबाई, गळ्यात झेंडूचा हार. "साळूअक्कानं आपल्याला..." एवढंच निघालं आणि घशाला कोरड पडली. एका बाईने लगबगीने तिचाच तांब्या पुढे केला.

"तो नगं," चतुराबाई म्हणाली. ती रांजणाजवळ जाऊन थांबली. "अक्का, तुमच्या हातानं द्या."

साळूबाई हार सावरत उठली. पेला बुडवून तिच्या हातात दिला. चतुराबाई पेल्याला तोंड लावून घटाघटा प्याली. भाषण राहिलं ते राहिलंच.

"लई उशिरा तहान लागली गं तुला," साळूबाई म्हणाली. "आता भर तो पेला, आन् मला दे."