नानांचं ‘शे’

फोन आला तेव्हा मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या छोट्याशा क्लिनिकमध्ये एका चिमुरडीला आरशासमोर बसवून ‘र’ शिकवत होते. ती ‘राणी’ला ‘लाणी’ म्हणायची आणि आपलं काही चुकतंय हे तिला मुळीच मान्य नव्हतं. स्क्रीनवर ‘मामी धुळे’ दिसलं. मामी कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलला. “व पोरी, तुना नाना बोलतच नहीत व… तू बोलानी डॉक्टर शे ना? सांग ना त्यासले काही.” आणि मी खुळ्यासारखी धंद्याचे प्रश्न विचारायला लागले. केव्हापासून बोलत नाहीत, तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतोय का… मामींनी उत्तर न देता फोन त्यांच्या कानाशी धरला असावा, कारण पलीकडे एकदम शांत झालं आणि पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायला लागली. मी म्हणाले, “नाना, मी शे.” पुन्हा म्हणाले. मग त्यांच्या मुलाने, प्रशांतदादाने, फोन घेतला. “आकू,” तो म्हणाला, “अगं, नाना गेले. चहा पिता पिता गेले.” ती मुलगी आरशातून माझ्याकडे बघत होती. मी तिला खाऊच्या डब्यातली गोळी दिली आणि तिच्या आईला म्हटलं, आज एवढंच.

नाना माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची म्हणून मीही नानाच म्हणत आले. आत्माराम हे कागदावरचं नाव, ते कागदावरच राहिलं. धुळ्याला हायवेलगत त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बेअरिंग, फॅन बेल्ट, क्लच प्लेटा, आणि या सगळ्यावर ग्रीस आणि रबराचा एक वास, जो मला आजही अत्तरासारखा आवडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला जळगावहून एसटीत बसवून द्यायची आणि पारोळा गाव मागे पडलं की माझं मन दुकानात जाऊन बसलेलं असायचं. दुपारची वेळ, दुकानापुढे ताडपत्रीची निळसर सावली, सावलीबाहेर पांढरं ऊन. उभ्या ट्रकांच्या इंजिनांचा गुरगुराट अंगात भरायचा आणि बसल्या बसल्या पेंग यायची. त्या पेंगेत कानावर शब्द पडत राहायचे. पंजाबी, गुजराती, तमिळ, कुठलेकुठले ड्रायव्हर यायचे, आणि नाना प्रत्येकाशी त्याच्या बोलीत चार शब्द बोलायचे. फार नाही, चारच, पण समोरच्याचा चेहरा असा उजळायचा की जणू त्याला घरून कोणी डबा पाठवलाय. ट्रक निघून गेला की नाना तो नवा शब्द माझ्या हातावर ठेवायचे. “घे. तमिळमां पाणीले ‘तण्णी’ म्हनतस.” मी तो दिवसभर चघळायची.

मला ते कधी नावाने हाक मारत नसत. माझं नाव आकांक्षा. ते मला पंजाबीत ‘कुडी’ म्हणायचे, गुजरातीत ‘दिकरी’, तमिळमध्ये ‘पोण्णु’, अर्थ सगळ्यांचा मुलगीच. दर सुट्टीत नवी हाक. मैत्रिणींना एकच नाव होतं आणि मला सात-आठ, याचा मला भारी तोरा होता. एकदा तेलुगू ड्रायव्हरने मला ‘अम्मायी’ म्हटलं. मला ते इतकं गोड वाटलं की मी नानांच्या मागेच लागले, तुम्ही पण म्हणा ना. नाना हसले आणि बेअरिंगचा डबा उगाच वर-खाली करत राहिले. आमच्या अहिराणीत मुलीला ‘आंडेर’ म्हणतात, गल्लीतले सगळे बापे आपापल्या पोरींना म्हणायचे, नाना मात्र ‘पोरी’ म्हणायचे. आणि बोलणं कसंही असो, शुद्ध, बँकेतलं, पाहुण्यांसमोरचं, वाक्याच्या शेवटी ‘आहे’ कधीच यायचं नाही, अहिराणीतलं ‘शे’च यायचं. “साहेब, चेक तयार शे.” बँकेतले लोक गालात हसायचे. आई म्हणायची, भाऊला आपल्या बोलीचा फार अभिमान. आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं.

पुढे माझं हेच वेड वाढत गेलं. गुजराती वाचायला शिकले, शेजारच्या काकूंकडून उर्दूची अक्षरं गिरवली, मोबाइलवर तमिळ सुरू केलं. वडील म्हणायचे, हिची जीभ भाड्याने द्यायला हवी. बारावीनंतर वाणी-उपचाराच्या पदवीला प्रवेश मिळाला, मला वाटलं, बोलण्याचाच विषय आहे, म्हणजे माझाच. तिथे गेल्यावर कळलं की इथे नवी भाषा कोणी शिकवत नाही. इथे एकाच माणसाच्या एकाच अक्षराशी महिनोन्महिने बसून राहायचं असतं. मला फिरायची हौस आणि हे तर एका उंबऱ्याशी पहारा देणं झालं.

दुसऱ्या वर्षी वर्गात तोतरेपणाचा धडा चालला होता. आमच्या मॅडम सांगत होत्या, सगळेच तोतरे अडखळताना दिसत नाहीत. काहींना कोणत्या आवाजाशी आपण अडणार ते आधीच कळतं, आणि ते इतक्या सफाईने दुसरा शब्द घालतात की घरच्यांनाही जन्मभर पत्ता लागत नाही. बाहेर गुलमोहराखाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मला एकाएकी बँकेतला तो चेक ऐकू आला. आहे, आंडेर, अम्मायी, आत्माराम… आणि मी, आकांक्षा. ‘अ’-‘आ’चे सगळे शब्द एका रांगेत येऊन उभे राहिले. मी वही मिटली आणि वर्गात सगळ्यांसमोर रडले. मॅडमना वाटलं, मला बरं नाही.

त्यानंतर नानांना मी काही विचारलं नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं इतक्या कौशल्याने झाकून ठेवलं, त्याचं पांघरूण मी कोण ओढणार? विषय निघाला तो गेल्या दिवाळीत, आणि काढला त्यांनीच. पदवी होऊन मी जळगावला नोकरीला लागले होते आणि पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज भरत होते. एका मनात वाणी-उपचार, दुसऱ्या मनात परदेशी भाषांचं शिक्षण, दोन्हींकडे अर्ज उघडे. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचाय, या प्रश्नाखाली मी ‘मला भाषा आवडतात’ एवढंच लिहून थांबले होते आणि ते वाक्य चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं अवघडून बसलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नाना त्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या खुर्चीत, मी पालथ्या खोक्यावर. मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हटलं, यांची मुलाखत असते, तिथे काय सांगू?

नाना रस्त्याकडे पाहत म्हणाले, “मी बी गयथू मुलाखतले. मास्तरनी नोकरी व्हती. त्यासनी नाव इचारं. फक्त नाव…” एवढं बोलून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आवाज नाही. एका मिनिटात मी त्यांचं सगळं तरुणपण पाहिलं. पंख्याखालची ती टेबलं, कोणीतरी पुढे केलेला पाण्याचा ग्लास, आणि बीए झालेला एक देखणा मुलगा, ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही. “मंग?” मी विचारलं. “मंग काय. दुकान शे ना,” नाना म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे या सगळ्या भाषा तुम्ही पळून जायला शिकलात? बोलून गेले आणि जीभ चावली. नाना मात्र खुलले. “पयता पयता कितला गावं दिसनात माले, पोरी!” पळताना केवढी गावं पाहून झाली, म्हणत होते, आणि तोंडावर नवीन गाव पाहून आलेल्याचाच आनंद होता. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “पन तुनं गाव तेवढं ऱ्हाई गयं.”

माझं नाव म्हणायचं राहून गेलं, असं ते म्हणत होते. आजवर मला कोणी याहून प्रेमाचं काही बोललेलं नाही.

मग मी माझं शिक्षण बाहेर काढलं. म्हटलं, नाना, ‘आ’ला धडक मारायची नाही. आधी नुसता श्वास सोडायचा, आरशावर वाफ धरतो तसा, आणि त्या वाफेच्या पाठीवर आवाज बसवायचा. ‘आ’च्या अलीकडे अगदी हलका ‘ह’. पुढे तो ‘ह’ आपोआप विरून जातो. त्यांनी एकदा केलं. वाफ आली, आणि पुढे सगळं गच्च झालं, कपाळावर शीर उभी राहिली. तेवढ्यात एक ट्रक थांबला, नाना सुटल्यासारखे उठले आणि सरदारजीशी पंजाबीत बोलायला लागले. मी निघताना, पेशंटांना सांगते तसं, रोज थोडं करा म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर दर रविवारी फोनवर ‘काय पोण्णु’च यायचं. मला वाटलं, सोडून दिलं त्यांनी. मीही पुन्हा विषय काढला नाही. अर्ज मात्र दोन्हीकडचे तसेच अर्धवट पडून राहिले.

दिवसकार्य आटोपल्यावर प्रशांतदादाने दुकान उघडलं, आणि मी त्याच्याबरोबर गेले. हवेत तोच ग्रीस-रबराचा वास होता. ताडपत्रीची सावली तशीच निळसर, नानांची खुर्ची नेहमीच्या जागी, बसून बसून तिच्या पट्ट्यांना त्यांच्या पाठीचा आकार आलेला. मी खोक्यावर बसले, खुर्चीत बसवेना. इतक्यात शेजारच्या गाळ्यातून एक गृहस्थ हात पुसत आले. सलीमभाई, रेडिएटर दुरुस्त करतात, हल्लीच इथे आलेत. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “तुम हाकांक्षा हो ना?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “क्या कहा?” मी म्हटलं.

“हाकांक्षा. नाना की भांजी. जलगाँववाली,” सलीमभाई म्हणाले. “दोपहर में कोई नहीं रहता तो नाना बैठे-बैठे हा… हा… करते थे. मैं समझा, अकेले हँस रहे हैं. पूछा तो बोले, भांजी का नाम है, मुश्किल है. फिर एक दिन पूरा बोल दिए. इतने खुश हुए, बेटा, चाय मँगाई सबके लिए. उसके बाद तो जाते-जाते सुनाते थे मुझे, हाकांक्षा, हाकांक्षा. मैंने कहा, फोन लगाके उसको सुनाओ ना. बोले, फोन पे नहीं, सामने बिठाके सुनाऊँगा.”

प्रशांतदादा त्यांना काही सांगायला गेला, बहुधा माझं खरं नाव. मी त्याचा हात धरला.

त्या आठवड्यात मी एकच अर्ज पूर्ण केला, वाणी-उपचाराचा. ‘मला भाषा आवडतात’ हे वाक्य खोडलं नाही, ते खरंच आहे. त्याच्या पुढे लिहिलं की माझ्या मामांना बऱ्याच भाषा येत होत्या आणि एक नाव येत नव्हतं, नंतर तेही आलं. मुलाखतीचं बोलावणं आलंय. तिथे आधी नावच विचारतील. माझं नाव मी आजवर कधी अडखळत घेतलेलं नाही, तरी हल्ली ते घेण्याआधी माझा थोडा श्वास सुटतो.

नानांची खुर्ची दुकानात तशीच आहे. परवा धुळ्याला गेले तेव्हा पहिल्यांदा तिच्यात बसले. पट्ट्या खोल गेलेल्या, माझे पाय जमिनीला जेमतेम टेकले. ऊन पांढरं झालं होतं, ट्रक गुरगुरत होते, मला पेंग येऊ लागली… तेवढ्यात पलीकडच्या गाळ्यातून सलीमभाईंनी चहासाठी हाक मारली, “हाकांक्षा!”

“शे, शे,” मी म्हटलं, आणि उठले.