बाबांच्या अंगठ्याजवळचा खड्डा
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. स्पिरिटचा वास आला की मला कोथरूडमधलं बाबांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आठवतं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असताना, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथे बसून पेनाने त्यांच्या हातावर एकेक स्नायू काढायचो आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचो. मोठा झाल्यावर त्यांचा हात हातात घ्यायला मला तेवढंच निमित्त होतं. "काढ नकाशा. गिऱ्हाइकाला सांगेन, गोंदवून घेतलंय," ते म्हणायचे. परीक्षेला चार दिवस उरले असताना त्यांनीच उजवा अंगठा आणि तर्जनीमधला भाग दाखवला. "इथे खड्डा कसला पडलाय रे? डाव्या हाताला नाहीये." दिवसभर काउंटरवर कोपर टेकून तिथली नस दबली की नेमका हाच स्नायू सुकतो, हे मी आदल्याच दिवशी पाठ केलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर अभ्यास सोडून त्यांना घेऊन दवाखाने फिरावे लागले असते. "वयामुळे होतं, बाबा," मी म्हणालो. "तू म्हणतोस तर असेल," म्हणत त्यांनी पुन्हा तेच कोपर टेकलं. परीक्षेनंतर सांगू म्हणता म्हणता मला सांगायची लाज वाटू लागली. दीड वर्षाने त्यांच्या चिमट्यात स्क्रू राहीना आणि दुकान बंद झालं. आता बाबा नाहीत. तो हात पुन्हा एकदा मांडीवर घेऊन बसावंसं फार वाटतं. त्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून त्यांचं देणं लागतो.